बाई बोलतात का?

बहरीनमधल्या रिफ्यात नवीन मराठी कुटुंब आलं की त्याला आधी घर लागतं, मग गाडी, आणि तिसऱ्या आठवड्यात मेधाचा फोन नंबर. तो कोणी दिला हे नंतर कोणालाच आठवत नाही. गणपतीत प्रसादाच्या रांगेत कोणीतरी म्हणतं, "शाळेचं ना? मेधाताईंना विचारा, त्यांच्याकडे सगळं लिहिलेलं असतं." आणि दुसऱ्या दिवशी, कुकरची नेमकी दुसरी शिट्टी होत असताना, फोन वाजतो.

"ताई, जास्त वेळ घेत नाही. एकच सांगा, सगळ्यात बेस्ट कुठली?"

या 'एकच सांगा'वर मेधाचा जीव जायचा. साड्यांच्या दुकानात जाऊन 'एकच दाखवा' म्हणतं का कोणी?

मेधा साताऱ्याची. अर्थशास्त्रात एम.ए., दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलेलं, मग लग्न आणि मग बहरीन. इथल्या कार्डावर व्यवसायाच्या जागी 'हाउसवाइफ' आलं तेव्हा तिने ते आठ दिवस पर्समधून काढलंच नव्हतं. गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झाली. चौथ्यांदा परीक्षकच कंटाळला आणि म्हणाला, "खलास मॅडम, यल्ला, पास." तेव्हापासून ती हायवेवर उजव्या, म्हणजे इथल्या हळू लेनमधून, आपल्या गतीने, कोणी कितीही हॉर्न मारला तरी न बिचकता जाते. तिचा एकूण स्वभावच तसा आहे.

मुलगी आर्या पहिलीत जायची झाली तेव्हा मेधाने दोनशे पानी वही घेतली आणि घरापासून अर्ध्या तासाच्या आतल्या सगळ्या भारतीय शाळांचे प्राथमिक वर्ग पालथे घातले. शाळांना तिने आपली नावं ठेवली, कारण खरी नावं सगळी सारखीच वाटत. रिफ्यातली, घरापासून पाच मिनिटांवरची, ती 'निळ्या गेटची'. जिदहफ्सच्या पलीकडची छोटी, अंगणात खजुरीचं झाड असलेली, ती 'खजुरीची'. वहीत तिने काय लिहिलं? मधली सुट्टी किती मिनिटं. मुलींच्या टॉयलेटला आतून कडी लागते का. बसमधून उतरल्यावर गेटपर्यंत उन्हात किती पावलं. प्रिन्सिपल मॅडम लॅब दाखवत होत्या तेव्हा मेधा कचऱ्याच्या डब्यात पोळ्या किती पडल्यात ते बघत होती.

तिचा नवरा दत्तप्रसाद एका बांधकाम कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. त्याने ती वही बघितली आणि त्याचा जीव कासावीस झाला.

"यात मार्क कुठे आहेत?"

"अहो, मार्क कशाला? वाचलं की कळतंच."

"कळत नाही. मोजलं की कळतं." सिमेंट कोणाकडून घ्यायचं हे ठरवायचा ऑफिसात जो तक्ता असतो, त्यात त्याने एका शुक्रवारी सगळ्या शाळा बसवल्या. निळ्या गेटला शंभरात सत्त्याऐंशी. खजुरीच्या शाळेला एकसष्ट.

आर्या निळ्या गेटातून आत गेली, पण तक्ता काही संपला नाही. दत्तप्रसादने त्यात 'शिक्षकांची वागणूक' असा एक रकाना ठेवला होता, तो रिकामा होता. तो भरायचं काम मेधाकडे. मेधाला स्वतःच्या लहानपणीच्या बाई आठवायच्या, ज्यांच्या धाकाने ती पहिलीत महिनाभर पोटदुखीचं सोंग करत होती. त्यामुळे रोज दुपारी आर्या गाडीत बसली, पट्टा लावला, की मेधाचा पहिला प्रश्न ठरलेला.

"बाई बोलत नाहीत ना गं तुला?"

"नो," आर्या खिडकीबाहेर बघत म्हणायची.

एप्रिल, मे, जून. सुट्टीनंतर पुन्हा सप्टेंबर. रोज तोच प्रश्न, रोज 'नो'. दत्तप्रसादने रकान्यात दहापैकी दहा टाकले. "एक तक्रार नाही. झीरो डिफेक्ट." मग तो तक्ता त्याने कौतुकाने मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. चार दिवसांनी तो हूऱ्यातल्या कोणाकडून तरी मेधालाच परत आला, वर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' लिहिलेलं, आणि खाली, 'शाळा निवडताना एकदा नक्की बघा. हा मेसेज एका तज्ज्ञाने बनवलाय.'

"तज्ज्ञ!" मेधा म्हणाली. "टॉयलेटच्या कड्या मी मोजल्या आणि तज्ज्ञ तुम्ही."

तक्ता फिरला तसे फोन वाढले. सप्टेंबरात त्यात निधीची भर पडली. पुण्याहून नुकतीच आलेली, नवरा बँकेत, मुलगा मयुरेश सहा वर्षांचा. निधी फोनवर असताना मयुरेशही फोनवरच असायचा. तो सतत बोलायचा.

"ताई, निळ्या गेटला मराठी मुलं बरीच आहेत का?"

"आहेत की."

"अरे बापरे. मग याचं इंग्लिश कसं सुधारणार?"

"बरं, खजुरीच्या शाळेत फारशी नाहीत."

"मग हा एकटा नाही का पडणार? मयुरेश, एक मिनिट गप्प बस राजा. ताई, म्हणजे कुठली?"

मेधाने डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले. निळ्या गेटला जागाच नव्हती, निधीचा मुलगा यादीत चौदावा होता, तरी ती रोज विचारत होती. जणू मेधाने मनात आणलं तर एक बाक आणखी मावला असता.

महिनाअखेरच्या शनिवारी शाळेत पालकांची भेट होती. वर्गात अडतीस मुलं. बाई तरुण, चेहरा दमलेला, घसा बसलेला. त्यांनी यादीवर बोट ठेवून वरून खाली नेलं. "आर्या... आर्या..." बोट एकतिसाव्या ओळीवर थांबलं. "व्हेरी क्वायट चाइल्ड. नो कंप्लेंट्स अॅट ऑल." हे बाई मेधाकडे बघून म्हणाल्या. आर्या टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. मागे रांग होती.

मेधाला काहीतरी खटकलं. पण 'तक्रार नाही' यात खटकण्यासारखं काय, हे तिला सांगता आलं नसतं. संध्याकाळी आर्याने सोफ्यावर बाहुल्या ओळीने मांडल्या आणि शाळा-शाळा सुरू केलं. ती बाई. "गुड मॉर्निंग, बनी. गुड मॉर्निंग, पिंकी. गुड मॉर्निंग, एलिफंट." एकेकीसमोर थांबून, वाकून, प्रत्येकीला वेगळं. कितीतरी दिवस ती हेच खेळत होती. मेधाला ते गोड वाटायचं.

खालच्या मजल्यावर कॅरोलिन राहायची. वसईची, हॉस्पिटलात नर्स. नवरा ह्युबर्ट हूऱ्यातल्या एका हॉटेलात. तिचा हॅन्सेल खजुरीच्या शाळेत दुसरीत होता, कारण त्या शाळेची बस बरोबर तिची शिफ्ट संपायच्या वेळेला दारात येते. शाळा निवडायला तिला एवढं एक कारण पुरलं होतं. मेधाला तिचा हेवाही वाटायचा आणि वैतागही यायचा.

"तुझ्या नवऱ्याने माझ्या शाळेला एकसष्ट दिले ना," कॅरोलिन म्हणायची, "म्हणजे फर्स्ट क्लास तर आला! आमच्या घराण्यात पहिला."

सोमवारी दुपारी मेधा तिच्याकडे कोथिंबीर मागायला गेली. दोन्ही मुलं टेबलाशी ऑम्लेट खात होती. हॅन्सेल तोंड पाडून बसला होता.

"काय रे, काय झालं?" मेधाने विचारलं.

"मिस मला रोज बोलते," हॅन्सेल कुरकुरला. "रोज!"

"लकी," आर्या म्हणाली.

कॅरोलिन हसली. "लकी काय गो? याला बोलून बोलून त्या मिसचा जीव जायची वेळ आली."

"माय मिस नेव्हर टॉक्स टू मी," आर्या म्हणाली आणि ऑम्लेटचा तुकडा सॉसमध्ये बुडवला.

मेधाच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती तिने टेबलावर ठेवली.

"आर्या, मी तुला रोज विचारते ना, बाई बोलत नाहीत ना म्हणून?"

"यस. अँड आय से नो. शी डझन्ट."

"अगं, बोलत नाहीत म्हणजे रागावत नाहीत! मी ते विचारत होते."

आर्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू आईनेच मराठी चुकीचं शिकून ठेवलंय. आणि तिचं तरी काय चुकलं? घरात तिची आई कधी 'बोलत' नसे. घरात आई 'ओरडायची'. रागावण्याला 'बोलणं' म्हणतात ते साताऱ्यात आणि वसईत. रिफ्यातल्या गाडीतल्या सहा वर्षांच्या मुलीला बोलणं म्हणजे बोलणं.

"एकदाही नाही बोलल्या?" मेधाने हळूच विचारलं.

आर्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "वन्स. शी सेड, मूव्ह."

कॅरोलिनने कधी नव्हे ते काही विनोद केला नाही. गॅस बंद केला आणि म्हणाली, "आमच्याकडे पहिलीतली एक पोरगी चालली. बापाचा व्हिसा संपला. एक सीट आहे. विचारू का उद्या?"

त्या संध्याकाळी दत्तप्रसादने सगळं शांतपणे ऐकलं आणि लॅपटॉप उघडला.

"म्हणजे तो रकाना दहाचा शून्य करायचा. सत्त्याण्णवचे पुन्हा सत्त्याऐंशी." त्याने बघितलं. "तरी पहिलीच येते."

"अहो, बंद करा ते."

"अगं, मी नुसतं सांगतोय. शिक्षकांना वेटेज दहाच आहे."

"दहाच? कोणी ठरवलं दहा?"

"तूच म्हणालीस, सगळ्याला सारखेच द्या."

मेधाने कपाळाला हात लावला. म्हणजे टॉयलेटच्या कडीला दहा आणि बाईंनाही दहा. आणि हे तिनेच, शहाणीने, चहा गाळता गाळता सांगितलं होतं.

मंगळवारी ती आधी बाईंकडेच गेली. न बोलता निघून जाणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. बाईंनी ऐकून घेतलं. कांगावा केला नाही, उडवूनही लावलं नाही. "मॅडम, अडतीस मुलं, चाळीस मिनिटांचा तास. जो आरडाओरडा करतो त्याच्याकडे मला बघावं लागतं. तुमची मुलगी आवाजच करत नाही." बाई वाईट असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं. मेधाने परतताना गाडीतच हिशेब केला: एका मुलाला जेमतेम एक मिनिट, त्यातही हजेरी वजा.

तशीच ती पुढे जिदहफ्सला गेली. वही नेली नाही. खजुरीखाली फळांचा सडा पडून काळा चिकट झाला होता, व्हॉलीबॉलचं जाळं अर्धं फाटलेलं, लॅबच्या पाटीमागे सायकली. शाळा सुटत होती आणि पहिलीच्या बाई, पन्नाशीच्या, गेटात उभ्या राहून बाहेर पडणाऱ्या एकेकाला धरत होत्या. "नाडी बांध. तुझी बाटली कुठाय? आईला सांग, चमचा परत आलेला नाही. तू, इकडे ये, उद्या तो दात घेऊन ये, पडला तर." मुलं वैतागून सुटका करून घेत होती. मेधा बावीस पोरं संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.

ऑफिसात नसीमा नावाची क्लार्क होती. तिने सरळ सांगितलं, "सीट एकच आहे मॅडम. गुरुवारी बाराच्या आत जुन्या शाळेचा दाखला आणा. बारा वाजले की पुढच्या नावाला फोन." इथे 'नक्की'पासून 'बघू'पर्यंत सगळ्याला म्हणतात तसं मेधा "इंशाल्ला" म्हणाली आणि निघाली.

निळ्या गेटच्या शाळेत दाखल्याचा फॉर्म मिळवायला बुधवार गेला. त्याच्यावर सह्या पाच. लायब्ररी, बस, लॅब, अकाउंट्स, वर्गशिक्षिका.

"पहिलीच्या मुलीला लॅब?" मेधाने विचारलं.

"फॉर्म सबका एकही है, मॅडम," खिडकीतला यासीन म्हणाला. लॅबवाला जेवायला गेला होता. तो आला तेव्हा बसवाला गेला होता. आर्या बसने कधी गेलीच नव्हती, हे लिहून देणारी सहीसुद्धा बसवाल्याचीच लागत होती. आणि वर्गशिक्षिका बुधवारी रजेवर.

यासीनने फॉर्म उलटवला. "रीझन नहीं लिखा. लीविंग बहरीन?"

"नहीं."

"कंप्लेंट है?"

मेधाने पेन हातात घेतलं. काय लिहायचं? टीचर डझन्ट टॉक, लिहिलं तर त्या दमलेल्या बाईंची चौकशी लागायची. साताऱ्याची मराठी त्या चौकोनात मावत नव्हती. तिने लिहिलं, 'डिस्टन्स.'

यासीनने दोन्ही पत्ते वाचले. "लेकिन मॅडम, यह स्कूल तो आपके घर के पास है. वह दूर है."

"हाँ," मेधा म्हणाली. "यही दूर था, इसीलिए."

त्याने पत्ते पुन्हा एकदा वाचले. मग शिक्का मारला.

गुरुवारी साडेदहाला बाई वर्गात सापडल्या. त्यांनी सही केली, 'डिस्टन्स' वाचलं आणि पेन बंद करायचं विसरून उठल्या. शेवटून दुसऱ्या बाकाशी जाऊन आर्यासमोर वाकल्या. काय बोलल्या ते दारातून मेधाला ऐकू आलं नाही. आर्या मान हलवत होती, मग काहीतरी सांगत होती, मग चक्क हात हलवून सांगत होती.

गाडीत बसल्यावर आर्याचा चेहरा फुललेला. "मम्मा, शी टॉक्ड टू मी! शी आस्क्ड अबाउट बनी!"

मेधाने किल्ली फिरवली आणि तशीच बसली. मांडीवर दाखला, पाच सह्या, तीन शिक्के. अकरा वाजून पंचवीस मिनिटं. आजच सुचलं यांना! सहा महिने काय झालं होतं?

"आर्या, नीट सांग. तुला इथेच राहायचंय का?"

"ओके."

"ओके म्हणजे हो का नाही?"

"ओके मीन्स ओके."

"अगं पण कुठे?" मेधाचा आवाज चढला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने पार्किंगमधून गाडी काढली, सिग्नलला थांबली. डावीकडे घर, सरळ हायवे. आर्या आरशातून तिच्याकडे बघत होती.

"द न्यू मिस," आर्या म्हणाली, "विल शी टॉक टू मी?"

"बोलेल."

"एव्हरी डे? ऑर ओन्ली व्हेन आय गो?"

सिग्नल हिरवा झाला. मेधा सरळ गेली. त्या दिवशी ती आयुष्यात पहिल्यांदा हायवेच्या डाव्या लेनमध्ये होती. बाराला सात मिनिटं असताना नसीमाने दाखला हातात घेतला आणि घड्याळाकडे बघून म्हणाली, "इंशाल्ला म्हणाला होतात, पण खरंच आलात."

संध्याकाळी निधीचा फोन. मेधाने तिला सगळं सांगितलं. बोलण्याचं, न बोलण्याचं, तक्त्यातल्या दहाचं, सगळं. म्हणाली, "तो तक्ता चुकलाय गं. माझ्यामुळे चुकलाय." पलीकडून निधी "हं, हं" करत होती. मेधाला वाटलं, पोहोचलं.

"ताई," निधी म्हणाली, "म्हणजे तिथे एक सीट रिकामी झाली?"

"अगं, तुझ्यापुढे तेरा जण आहेत!"

"त्या तेराही जणांना मी विचारलंय, त्यांनी दुसरीकडे घेतलं. ताई, आमच्या मयुरेशकडे कोणी न बघणं शक्य आहे का तुम्हीच सांगा."

पाठीमागे मयुरेश कोणाला तरी उंटाला किती दात असतात ते ओरडून सांगत होता. मेधाने ऐकलं. जाईल तोही निळ्या गेटात, आणि बाईंच्या चाळीसातली वीस मिनिटं एकटा खाईल.

आता मेधा पहाटे पावणेपाचला उठते. बस सहा वाजून पाच मिनिटांनी येते, कधी पाच मिनिटं आधी येऊन हॉर्न मारत राहते, आणि ड्रायव्हरला फोन केला की तो म्हणतो, "मफी मुश्किल, मॅडम." म्हणजे 'काही अडचण नाही'. त्याला नसतेच. आर्या अर्धवट झोपेत बूट घालते, हॅन्सेल तिची जागा धरून ठेवतो. दुपारी डब्याच्या कडांना खजूर चिकटलेले असतात. कोणी दिले, का खाल्ले, पत्ता नाही. मेधाने प्रश्न विचारणं बंद केलंय. कुठला शब्द कुठे जाऊन पडेल याचा तिला आता भरवसा वाटत नाही.

दुसऱ्या आठवड्यात आर्या बसमधून उतरली ती पाय आपटतच. दप्तर जिन्यात टाकलं.

"मम्मा, मिस मला बोलली!" मराठीत. पूर्ण वाक्य.

मेधा तिच्यासमोर खाली बसली. "काय बोलल्या?"

"शी सेड आय टॉक टू मच. इन फ्रंट ऑफ एव्हरीवन. मला आणि सायराला." डोळ्यांत पाणी, ओठ बाहेर.

मेधाने चेहरा शक्य तेवढा कडक केला. "मग? वर्गात बडबड करायची असते का?" असं म्हणून ती घाईने स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिज उघडून उगाच आत बघत उभी राहिली.

संध्याकाळी दत्तप्रसाद आला तेव्हा सोफ्यावर शाळा भरली होती. "बनी! स्टॉप टॉकिंग. पिंकी, तुला पण बोलले मी. एलिफंट, आईला सांग, चमचा आणला नाहीस." एलिफंट कोपऱ्यात उभा होता, शिक्षा म्हणून.

त्याने ऐकलं, बूट काढले, लॅपटॉप मांडीवर घेतला. "म्हणजे तक्रार आली म्हणायची. नोंदवू?"

"नोंदवा," मेधा आतून म्हणाली.

"मग मार्क किती कापू?"

आतून कुकरची शिट्टी झाली, आणि पाठोपाठ मेधाचा फोन वाजला.